वरून पाहणें

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका विद्यार्थिनीनें आपल्या प्रबंधाचें पहिलें प्रकरण आम्हांस तपासावयास आणून दिलें. प्रबंध मराठींत होता, विषय मराठी निबंधवाङ्मयाचा होता, आणि पहिल्या प्रकरणाच्या माथ्यावर मात्र 'ओव्हरव्ह्यू' असा शब्द देवनागरी अक्षरांत लिहिलेला होता. आम्हीं त्याखालीं तांबडी रेघ ओढली व "याला मराठी शब्द काय?" असें विचारलें. "आढावा," ती म्हणाली, मग थोडें थांबून, "सारांश", मग आणखी थांबून, "विहंगमावलोकन. पण सर, यांतला एकही शब्द अगदीं बरोबर बसत नाहीं." आम्हीं उत्तर देण्याच्या तयारीनें चष्मा पुसला, आणि उत्तर सुचेना. एकतीस वर्षें इंग्रजी व मराठी या दोन भाषांच्या वेशीवर बसून ज्यानें पोट भरलें, त्यास एका साध्या शब्दानें निरुत्तर करावें, ही गोष्ट आम्हांस थोडी लागली. त्या दिवसापासून हा शब्द आमच्या मागें लागला आहे; आणि त्याचा माग काढतां काढतां आम्ही ज्या जागीं येऊन पोंचलों, ती जागा आम्हांस फारशी सुखाची वाटली नाहीं.

शब्द आज सर्वत्र आहे. क्रमिक पुस्तकाच्या प्रत्येक धड्याच्या आरंभीं तो असतो, कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत असतो, कॉलेजांतल्या समित्यांच्या बैठका त्यावांचून सुरू होत नाहींत. एखाद्या विषयाचें स्थूल, सर्व अंगांस थोडथोडा स्पर्श करणारें, थोडक्यांत केलेलें वर्णन, हा त्याचा रूढ अर्थ. आतां तर शंभर पानांचा ओव्हरव्ह्यू एका क्षणांत काढून देणारीं यंत्रें विद्यार्थ्यांच्या खिशांत येऊन बसलीं आहेत. त्या यंत्रांविषयीं आमची येथें तक्रार नाहीं. आमचा प्रश्न यंत्रें येण्यापूर्वींचा आहे. कोणत्याही गोष्टीचें 'एकंदरीत असें' म्हणून वर्णन करणारा मनुष्य त्या वेळीं उभा कोठें असतो, आणि तेथें उभें राहण्याचा त्याला अधिकार काय, एवढेंच आम्हांस विचारावयाचें आहे.

आमच्या भाषेंत या कामासाठीं शब्दांची वाण नाहीं. 'आढावा' हा हिशेबाच्या जगांतला शब्द. कोठींत काय शिल्लक आहे, काय खर्चीं पडलें, हें पाहून मेळ घालावयाचा तो आढावा. आणि तो घेणारा कोठीच्या आंत, पोत्यांच्या मध्यें उभा असतो. 'गोषवारा' हा फारसींतून आलेला. त्या भाषेंत त्याचा एक अर्थ कानांतला दागिना असा आहे, आणि हिशेबाच्या संक्षेपासही तेंच नांव. सगळा जमाखर्च वाचण्यास ज्यास सवड नाहीं, त्याच्या कानावर घालावयाचा तो गोषवारा, अशी आम्हीं आपली समजूत करून घेतली आहे; व्युत्पत्तिकार तिला हंसतील तर हंसोत. 'सारांश' या शब्दांतील 'सार' म्हणजे मुळांत झाडाच्या खोडांतला टणक गाभा. सारांश ज्याला हवा त्यानें आधीं खोड फोडलें पाहिजे. आणि 'सिंहावलोकन' तर उघडच चालणाऱ्या प्राण्याचें आहे. सिंह चालतां चालतां मान वळवून मागची वाट पाहतो. जी वाट तो पाहतो ती त्याच्या पायांखालून गेलेली असते.

या सर्व शब्दांत पाहणाराची जागा सांगितलेली आहे, आणि ती जमिनीवर आहे. वर आहे तो एकटा 'विहंगमावलोकन', आणि तो आमच्या आधुनिक लेखकांनीं इंग्रजी 'बर्ड्स आय व्ह्यू' वरून बेतलेला दिसतो. पक्षी आमच्या वाङ्मयांत पूर्वीं नव्हता असें नाहीं. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायांत सांख्य आणि योगी यांचा भेद सांगतांना ज्ञानेश्वरांनीं पक्ष्याचा व मनुष्याचा दृष्टांत घेतला आहे. झाडावरचें फळ पक्ष्यास एका उड्डाणांत मिळतें. मनुष्यास तेंच फळ फांदीफांदीनें चढून गांठावें लागतें. पहिल्या मार्गास त्यांनीं विहंगममत असें नांव दिलें. परंतु वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्ञानेश्वरांचा पक्षी फळाला जाऊन झोंबतो. त्याची चोंच फळांत असते. आमच्या विहंगमावलोकनांतला पक्षी मात्र कोठेंच उतरत नाहीं. तो घिरट्या घालतो, खालीं हिरवा पट्टा दिसला असें सांगतो, आणि निघून जातो. त्याला फळाची चव विचारूं नये.

आतां मूळ इंग्रजी शब्दाकडे वळूं. सारांश या अर्थानें तो फार जुना नाहीं. त्या अर्थानें तो विसाव्या शतकांत, आणि प्रथम अमेरिकेंत, रूढ झाला. शब्द मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे, आणि तो जेथें आढळतो तें स्थळ मोठें मौजेचें आहे. शेक्सपिअरचें 'लव्हज् लेबर्स लॉस्ट' हें नाटक 1598 सालीं छापलें गेलें. नव्हारचा राजा व त्याचे तीन सरदार अशी प्रतिज्ञा करतात कीं, तीन वर्षें विद्याभ्यास करावयाचा आणि स्त्रीचें तोंड पाहावयाचें नाहीं. अर्थातच चौघेही प्रेमांत पडतात, आणि चौघेही एकमेकांपासून लपवून कविता करूं लागतात. चौथ्या अंकांत बिरोन नांवाचा सरदार वर चढून लपून बसतो. खालीं राजा येतो, आपलें प्रेमकाव्य मोठ्यानें वाचतो, आणि दुसऱ्याची चाहूल लागतांच स्वतः लपतो. मग दुसरा सरदार येऊन तेंच करतो, मग तिसरा. प्रत्येक जण आपल्या मागून येणाराचें पाप पाहतो. बिरोन वरून सगळ्यांचें पाहतो. शेवटीं तो खालीं उतरून सगळ्यांना धारेवर धरतो. तुम्हीं प्रतिज्ञा मोडली, तुम्हांस लाज वाटत नाहीं काय, आम्ही बघा कसे शब्दाचे पक्के, असें तें लांबलचक भाषण आहे. त्यावर राजा खजील होऊन जो प्रश्न करतो त्या प्रश्नांत हा शब्द आला आहे. आमचें सर्व गुपित तुझ्या नजरेखालीं उघडें पडलें काय, असा त्याचा आशय. म्हणजे त्या काळीं ओव्हरव्ह्यू याचा अर्थ वरून टेहळणारी नजर असा होता.

पण खरी गंमत पुढें आहे. बिरोनचा उपदेश संपतो न संपतो तोंच एक खेडवळ पोरगी एक पत्र घेऊन येते. तें पत्र बिरोननेंच आपल्या प्रेयसीला लिहिलेलें असतें. तो तें टराटरा फाडतो. तुकडे गोळा केले जातात. त्यांवर अक्षर त्याचें आणि खालीं नांवही त्याचें! वर बसून सर्वांचा ओव्हरव्ह्यू घेणारा हा गृहस्थ त्याच ओव्हरव्ह्यूंतला एक निघतो. शब्दाच्या जन्मकथेंतच ही खोच असावी, हें आम्हांस निव्वळ योगायोगाचें वाटत नाहीं. निदान आम्हांस ती खोच विसरतां आली नाहीं, आणि कां, तें पुढें येईलच.

वरून पाहण्याविषयीं इंग्रजी भाषेच्या मनांत मुळापासून कांहींतरी संशय आहे असें दिसतें. 'ओव्हरलुक' म्हणजे उंचावरून दृष्टि टाकणें, आणि 'ओव्हरलुक' म्हणजेच एखादी गोष्ट दृष्टींतून सुटणें. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख, आणि 'ओव्हरसाइट' म्हणजेच नजरचूक. एकाच शब्दांत पाहणें आणि न दिसणें शेजारीं शेजारीं नांदतात. 'ओव्हरसीअर' तर आपल्या ओळखीचाच. रस्त्याच्या कामावर खडीच्या ढिगावर छत्री धरून उभा राहणारा. त्याला किती ब्रास खडी पसरली हें दिसतें, खडी फोडणाऱ्या बाईच्या बोटाला काय झालें आहे हें दिसत नाहीं. आणि तें पाहणें त्याच्या कामांत येतही नाहीं.

आमच्या संस्कृतांतही या गोष्टीची जाण आहे, पण ती निराळ्या प्रकारची. 'अवलोकन' या शब्दांतील 'अव' या उपसर्गाचा अर्थ खालीं असा आहे. हाच उपसर्ग अवज्ञा, अवमान, अवहेलना या शब्दांत येऊन बसला आहे. परंतु हाच उपसर्ग 'अवधान' या शब्दांतही आहे! ज्ञानेश्वरांनीं नवव्या अध्यायाच्या आरंभीं श्रोत्यांपाशीं दुसरें कांहीं न मागतां जें मागितलें, तें हें अवधान. मन खालीं ठेवणें, एका जागीं टेकवणें, तें अवधान. आणि खालीं लेखणें ती अवज्ञा. एकाच उपसर्गानें ही दोन फळें दिलीं. वरच्या जागेवरून दोन्ही वाटा फुटतात, आणि एकींतून दुसरींत पाय केव्हां पडला हें चालणाराला कळतही नाहीं. 'अध्यक्ष' हा शब्दही असाच ज्याची नजर वरून आहे त्याचा. कौटिल्यानें आपल्या दुसऱ्या अधिकरणांत अशा अध्यक्षांची मोठी रांगच उभी केली आहे. पण सर्वांत थोर अध्यक्ष ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील 129 व्या सूक्ताच्या शेवटीं येतो. ही सृष्टि कोठून झाली हें परम आकाशांत बसलेला तिचा अध्यक्ष जाणतो, असें म्हणून ऋषि क्षणभर थांबतो, आणि पुढें पुस्ती जोडतो कीं, कदाचित् तोही जाणत नसेल. ज्यानें हें म्हटलें त्यास उंचीविषयीं वाटणारा आदर होता, पण भ्रम नव्हता.

या शंकेचा लवलेश ज्यास नव्हता अशा एका गृहस्थाचा येथें उल्लेख केला पाहिजे, कारण प्रस्तुत लेखक व बहुतेक वाचक हे त्याच्याच ओव्हरव्ह्यूचीं फळें आहेत. 2 फेब्रुवारी 1835 या तारखेच्या आपल्या टिपणांत मेकॉलेनें असें लिहिलें कीं, चांगल्या युरोपीय ग्रंथालयांतील एका फळीची किंमत हिंदुस्थान व अरबस्तान यांच्या सर्व वाङ्मयाइतकी आहे, हें नाकारणारा एकही प्राच्यविद्यापंडित आपल्याला भेटला नाहीं. त्याच टिपणांत, त्या वाक्याच्या थोडें अगोदर, त्यानें हेंही कबूल केलें आहे कीं, आपल्याला संस्कृत येत नाहीं, अरबी येत नाहीं. भाषांतरें वाचलीं आहेत व जाणत्यांशीं बोललों आहों. याला प्रामाणिकपणा म्हणावें कीं बेफिकिरी म्हणावें, याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. बेफिकिरी तर आहेच. परंतु आपण कोठें उभे आहों हें त्यानें सांगून टाकलें, म्हणून तर पुढच्या पिढ्यांस त्याला पकडतां आलें. तीं दोन कबुलीचीं वाक्यें त्यानें गाळलीं असतीं, तर तोच निकाल अधिक भारदस्त, अधिक निःपक्षपाती आणि अधिक घातक ठरला असता.

तर मग वरून पाहूंच नये काय? असें म्हणणें म्हणजे शिक्षकानें शाळा बंद करण्यासारखें आहे. आयुष्य थोडें आणि पुस्तकें फार. नकाशा पाहिल्याशिवाय परगांवीं जाणारा मनुष्य शहाणा नव्हे. महाभारतकारांसही हें ठाऊक होतें. कांहीं गोष्टी संक्षेपानें व कांहीं विस्तारानें सांगितलेल्या विद्वानांस आवडतात, असें त्यांनीं पहिल्याच अध्यायांत म्हटलें आहे, आणि एक लाख श्लोकांचा ग्रंथ अनुक्रमणिका देऊन सुरू केला आहे. वाल्मीकीच्या रामायणाचा पहिला सर्गही नारदाच्या तोंडून ऐकलेली संक्षिप्त रामकथाच आहे.

किंबहुना वरून पाहण्याचा एक निर्दोष नमुना आमच्या डोळ्यांपुढें आहे, आणि तोही इंग्रजांनींच घालून दिलेला आहे. 'सर्व्हे' हा शब्द मुळांत लॅटिन. त्याचाही अर्थ अक्षरशः 'वरून पाहणें' असाच. विल्यम लॅम्टन यानें 1802 सालीं मद्रासजवळ हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीच्या मोजणीस आरंभ केला. डोंगराच्या शिखरांवर, आणि सपाट मुलुखांत देवळांच्या गोपुरांवर, अर्ध्या टनाचें कोनमापक यंत्र चढवावयाचें आणि दूरदूरच्या खुणा हेरून कोन मोजावयाचे, अशी ती पद्धति होती. वरून पाहण्याचें याहून मोठें काम या देशांत त्यापूर्वीं कोणी केलें नसेल. पण कोनांनीं अंतर कळत नाहीं. त्रिकोणाची एक बाजू तरी प्रत्यक्ष मोजलेली लागते. म्हणून लॅम्टननें पहिलें काम कोणतें केलें? शंभर फुटांची पोलादी सांखळी घेऊन तो साडेसात मैल जमिनीला लागून सरकत गेला. सांखळी उन्हानें किती वाढली याचीही नोंद ठेवीत गेला. त्या साडेसात मैलांवर पुढचा सारा नकाशा उभा आहे. आणि तेवढ्यावर विश्वासून तो राहिला नाहीं. शेंकडों मैल पुढें गेल्यावर पुन्हा खालीं उतरून दुसरी रेषा मोजावयाची, आणि वरचें गणित तिच्याशीं जुळतें कीं नाहीं हें पाहावयाचें, असा त्याचा क्रम होता. वीस वर्षें हें काम करीत तो उत्तरेकडे सरकला, आणि 1823 सालीं आपल्या वऱ्हाडच्या बाजूस हिंगणघाट येथें वारला. त्याची कबर तेथें आहे.

जमीन मोजतां येते. मनुष्याची रेषा कोणती मोजावयाची? येथें आम्ही त्या जागेपाशीं आलों कीं जी आम्हांस सुखाची वाटली नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आमचे एक सहाध्यापक वारले. तर्कशास्त्र शिकवीत. एकाच कॉलेजांत, एकाच जिन्याच्या दोन बाजूंस, त्यांच्या व आमच्या खोल्या चोवीस वर्षें होत्या. कॉलेजच्या वार्षिकासाठीं त्यांच्या कार्याचा एक पानाचा 'ओव्हरव्ह्यू' लिहावा, अशी आम्हांस सूचना आली. तोच शब्द होता; त्या वेळीं आम्हीं त्याच्याखालीं तांबडी रेघ ओढली नाहीं. आम्हीं कचेरींतून त्यांची फाईल मागविली. जन्मसाल, पदव्या, नेमणुकीची तारीख, दोन पुस्तकें, सात लेख, चार समित्या. खालीं चार ओळी आमच्या पदरच्या: ते मितभाषी होते, कर्तव्यतत्पर होते, विद्यार्थ्यांविषयीं त्यांस विशेष आस्था वाटे, त्यांच्या जाण्यानें कधींही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. अर्ध्या तासांत पान पुरें झालें. भाषा निर्दोष होती. वार्षिक छापून आल्यावर एक प्रत घेऊन आम्ही त्यांच्या घरीं गेलों. वहिनींनीं पान वाचलें, पुस्तक मिटलें, आणि म्हणाल्या, "भावजी, यांतलं एक अक्षर खोटं नाही. पण हे ते नव्हेत." मग चहाचा कप पुढें सरकवून, अगदीं शांतपणें, "आणि तुमचं त्यांचं वर्षभर बोलणं नव्हतं, तें यात कुठं आलं नाही."

तें खरें होतें. गोष्ट एका विद्यार्थ्याची होती. मुलाची हजेरी फार कमी भरली होती, आणि त्याला परीक्षेस बसूं द्यावें कीं नाहीं हें ठरविणाऱ्या समितींत आम्ही होतों. आमच्यापुढें हजेरीचें रजिस्टर होतें, मागच्या दोन परीक्षांचे गुण होते, आणि शेरा लिहावयाचा एक रकाना होता. त्या रकान्यांत आम्हीं लिहिलें: 'एकंदरीत असमाधानकारक.' आमचे सहाध्यापक त्या समितींत नव्हते. ते संध्याकाळीं आमच्या खोलींत आले आणि त्यांनीं सांगितलें कीं, आपण त्या मुलाच्या घरीं जाऊन आलों आहों, बाप अंथरुणाला खिळला आहे, मुलगा पहांटे दूध घालतो आणि दुपारीं एका दुकानांत वह्या लिहितो. शेरा बदलतां आला तर बदला. आम्हीं नियम सांगितला. नियम खोटा नव्हता. ते म्हणाले, "तुम्ही रजिस्टर पाहिलंत, एवढंच मला म्हणायचं आहे," आणि निघून गेले. मुलगा त्या वर्षीं परीक्षेस बसला नाहीं, पुढच्या वर्षीं कॉलेजांत दिसला नाहीं. त्यानंतर वर्षभर जिन्यांत समोरासमोर आलों तर आम्ही दोघेही भिंतीवरच्या नोटिशी वाचीत असूं.

आणि पुढें आम्हीं काय लिहिलें? 'विद्यार्थ्यांविषयीं त्यांस विशेष आस्था वाटे.' त्या एका वाक्यांत तो मुलगा, त्याचा बाप, तें दूध, ती संध्याकाळ आणि आम्ही, असे सगळे नाहींसे झालों. वाक्य खरें होतें, म्हणून त्याच्या आड लपतां आलें. तें खोटें असतें तर कोणीतरी हरकत घेतली असती, आणि आम्हांस बाहेर यावें लागलें असतें. बिरोनचें पत्र निदान कोणीतरी आणून दिलें. आमचें वहिनींनीं बारा महिने आपल्याजवळ ठेवलें होतें.

धृतराष्ट्राची आम्हांस आतां अधिक आठवण होते. अनुक्रमणिकेच्या त्या पहिल्याच अध्यायांत सबंध भारतकथेचा एक गोषवारा त्याच्या तोंडीं घातलेला आहे. युद्ध संपलें आहे, शंभर मुलगे मेले आहेत, आणि तो संजयाला सांगतो आहे: जेव्हां मीं अमुक ऐकिलें तेव्हांच जयाची आशा सोडली, जेव्हां तमुक ऐकिलें तेव्हांच सोडली, असे कितीतरी श्लोक ओळीनें. द्रौपदीच्या स्वयंवरापासून अश्वत्थाम्याच्या अस्त्रापर्यंत सगळें त्यांत येतें. ज्यानें एकही प्रसंग डोळ्यांनीं पाहिला नाहीं त्याच्या तोंडीं हा संक्षेप व्यासांनीं कां घातला असेल? आरंभीं तो म्हणतो कीं, माझे मुलगे आणि पांडूचे मुलगे यांत मला भेद नव्हता. आणि हाच मनुष्य सभापर्वांत द्यूत चाललें असतां हर्ष न आवरून 'जिंकलें काय, जिंकलें काय' असें पुनःपुन्हा विचारीत होता. संक्षेप पक्षपाती आहे, त्यांत स्वतःची सफाई आहे. पण तो कोणाचा आहे हें लपविलेलें नाहीं. बोलणारा आंधळा आहे, बाप आहे, अपराधी आहे, हें आपणांस ठाऊक असतें. म्हणून प्रत्येक श्लोकाबरोबर आपण मनांत दुसरा श्लोक म्हणत जातों, आणि त्या दोहोंच्या मधून कुरुकुळाचा नाश आपणांस असा दिसतो कीं तसा कोणत्याही निःपक्षपाती सारांशांतून दिसला नसता. आमच्या एका पानांत बोलणारा कोणीच नव्हता. 'ते मितभाषी होते' हें कोण म्हणतो? ज्याच्याशीं ते बोलत नव्हते तो.

वाचक म्हणतील, प्रत्येक मृत्युलेखांत लेखकानें आपलीं भांडणें काढावींत काय? तसें झालें तर वार्षिकें वाचण्यासारखीं होतील खरीं, पण आमचें म्हणणें तसें नाहीं. आणि रकाना तर भरावा लागतोच. या वर्षींही आम्हीं शेंकडों उत्तरपत्रिका तपासल्या, आणि प्रत्येकीच्या माथ्यावर एक आंकडा लिहिला. त्याहून संक्षिप्त ओव्हरव्ह्यू जगांत दुसरा नसेल. ज्यांच्या घरीं आम्ही गेलों नाहीं, जाणारही नाहीं, त्यांचे ते आंकडे. ते लिहिणें थांबवावें असें आम्हांस वाटत नाहीं, आणि लिहितांना पूर्वींसारखें स्वस्थ वाटतें असेंही नाहीं. याच्या पलीकडे या प्रश्नाचा निकाल आम्हांस लावतां आलेला नाहीं. 'एकंदरीत' हा शब्द मात्र आम्हीं शेऱ्यांतून काढून टाकला आहे. त्यामुळें शेरे लांबतात, आणि कचेरींतले कारकून कुरकुरतात.

विद्यार्थिनीला आम्हीं सांगितलें कीं, शब्द राहूं दे, पण प्रकरणाच्या पहिल्या परिच्छेदांत या निबंधांपैकीं कोणते तूं मुळांतून वाचलेस आणि कोणत्यांविषयीं दुसऱ्यांचें वाचलेस, तें लिही. तिचा चेहरा उतरला. दोन आठवडे लागले. परत आणलेलें प्रकरण पूर्वीपेक्षां अकरा पानांनीं लहान होतें.

वहिनींकडेही आम्ही गेल्या महिन्यांत जाऊन आलों. बरोबर चार पानें नेलीं होतीं. त्यांत पदव्या नाहींत, समित्या नाहींत. एक रजिस्टर आहे, एक रकाना आहे, आणि संध्याकाळचें तें बोलणें आहे. कोणत्याही वार्षिकांत तें छापण्यासारखें नाहीं. त्यांनीं तीं पानें हातांत घेतलीं, किती आहेत तें पाहिलें, आणि न वाचतांच त्यांच्या टेबलाच्या खणांत ठेवलीं. दिवाळींत मुलगा यावयाचा आहे, तेव्हां त्याच्याकडून वाचून घेईन, डोळ्यांना आतां बारीक अक्षर लागत नाहीं, असें त्या म्हणाल्या. मग त्यांनीं चहा ठेवला, आणि आम्ही पावसाविषयीं बोलत बसलों.